चित्रफीत संकलन, बहुयंत्रीय

दोन किंवा अधिक प्लेअरांवर चालणाऱ्या चुंबकीय चित्रफितींतील दृश्ये निवडून ती एकाच रेकॉर्डरवरील नव्या फितीवर सलगपणे मुद्रित करण्याच्या पद्धतीस बहुयंत्रीय चित्रफीत संकलन म्हणतात. चित्राचा दर्जा न घटवता अनेक यंत्रे एका यंत्रास कशी जोडावीत, हा या पद्धतीच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय. त्याचे मूळ तारांच्या जोडणीपेक्षा यंत्रांच्या काळमेळात होते.

दूरचित्रवाणी तंत्रात चित्रसंदेशाचा प्रमाणभूत दाब १ व्होल्ट व तारेचा संरोध ७५ ओहम मानलेला आहे. दोन प्लेअरांच्या तारा एकत्र जोडून रेकॉर्डरला दिल्यास प्रत्येकाचा संदेश प्रमाणभूत मूल्याच्या सुमारे दोनतृतीयांश इतका उतरतो आणि दोन्ही चित्रे एकमेकांत मिसळतात. त्यामुळे मध्ये एका वेळी एकच संदेश पुढे सोडणारा स्विचर वापरावा लागतो. उलटपक्षी, एक संदेश अनेक यंत्रांना पुरविण्यासाठी वितरण विवर्धक वापरतात.

इतिहास : अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने १४ एप्रिल १९५६ रोजी शिकागो येथे व्यवहारोपयोगी चित्रफीत यंत्राचे प्रात्यक्षिक दाखविले. चार्ल्स गिन्सबर्ग, रे डॉल्बी इत्यादींनी ते सिद्ध केले होते. त्यात २ इंच रुंदीची फीत व मिनिटास १४,४०० फेरे घेणाऱ्या चक्रावरील चार शीर्षे होती. आरंभी संकलनासाठी फीतच कापून जोडीत. यात चित्राचा दर्जा कायम राही. मात्र कापण्याची जागा अचूक साधणे अवघड असे आणि महागडी फीत पुढे वापरण्यास निरुपयोगी ठरे. १९६३ मध्ये अँपेक्सने एडिटेक ही इलेक्ट्रॉनीय संकलनव्यवस्था आणली. तेव्हापासून फीत कापण्याऐवजी एका यंत्रावरून दुसऱ्यावर उतरवून घेण्याची पद्धत रुळत गेली. तीत मूळ फीत शाबूत राहिली, परंतु प्रत्येक संकलनाबरोबर चित्राची एक नवी ‘पिढी’ निर्माण होऊ लागली.

एक दृश्य विरत असताना दुसरे उमटविण्यासाठी दोन प्लेअर एकाच वेळी चालवावे लागतात. दोहोंचे समकालन स्पंद व वर्णवाहक तरंग स्विचरपाशी एकाच क्षणी पोहोचले नाहीत, तर चित्र उडी मारते किंवा रंग बिघडतात. पाल पद्धतीत एका रेषेस ६४ मायक्रोसेकंद लागतात. वर्णवाहकाची कंप्रता सुमारे ४·४३ मेगॅहर्ट्‌झ असल्याने त्याचे एक आवर्तन पाव मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळात पूर्ण होते. फिरणारी शीर्षे व ताणली जाणारी फीत यांच्याकडून इतकी काटेकोर नियमितता मिळणे शक्य नव्हते. १९७१ मध्ये बाजारात आलेल्या सोनीच्या यू-मॅटिकसारख्या तिरप्या मार्गाच्या यंत्रांत हा दोष अधिकच ठळक होता.

यावरील निर्णायक उपाय म्हणजे १९७३ च्या सुमारास आलेला अंकीय कालाधार सुधारक होय. हा फितीवरून आलेली प्रत्येक रेषा अंकांत रूपांतरित करून स्मृतीत साठवितो आणि स्थिर घड्याळाच्या तालावर पुन्हा बाहेर सोडतो. फितीवरील नेमकी चौकट शोधण्यासाठी कालसंकेत उपयोगी पडला. तास, मिनिट, सेकंद व चौकट या क्रमाने प्रत्येक चौकटीस त्याने स्वतंत्र क्रमांक मिळाला आणि संगणकाद्वारे अनेक प्लेअर एका रेकॉर्डरबरोबर चालविणे शक्य झाले.

काळमेळ साधल्यावरही पिढीगणिक होणारी झीज उरलीच. सदृश पद्धतीत प्रत्येक प्रतीबरोबर नवा गोंगाट मिसळतो. एका प्रतीइतकाच गोंगाट दुसऱ्या प्रतीत मिसळल्यास त्याची एकूण शक्ती सुमारे दुप्पट होते. बारीक तपशीलही क्रमाने पुसट होतात. १९८२ मधील बीटाकॅम यंत्राने दीप्ती व वर्ण यांचे संदेश वेगळ्या मार्गांवर मुद्रित करून ही झीज कमी केली. त्याच वर्षी अंकीय चित्रसंदेशाचे आंतरराष्ट्रीय मानक मान्य झाले. त्यावर आधारलेले डी-१ यंत्र १९८६ मध्ये आले आणि अनेक पिढ्यांनंतरही प्रत मूळाबरहुकूम राहू लागली. १९८९ नंतर संगणकाच्या तबकडीवरील संकलन रुळत गेले व अनेक प्लेअरांची गरज ओसरली.

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांपुरता नव्हता. फीत महाग असल्याने जुने कार्यक्रम पुसून तीच पुन्हा वापरण्याची प्रथा अनेक देशांत होती. ब्रिटनमधील बीबीसीचे कित्येक कार्यक्रम याच कारणाने नष्ट झाले. जे उरले, त्यांपैकी काहींच्या केवळ उत्तरपिढीच्या प्रती हाती आहेत. घरगुती व्हीएचएस रेकॉर्डरचे उत्पादनही २०१६ मध्ये थांबले. म्हणून जुनी फीत अंकीय स्वरूपात उतरविताना शक्य तितक्या आधीच्या पिढीची प्रत निवडणे, सुस्थितीतील प्लेअर वापरणे व कालाधार सुधारक जोडणे अगत्याचे ठरते. या टप्प्यावर हरवलेला तपशील पुढील कोणत्याही यंत्राला परत आणता येत नाही.