आनंदीबाईंच्या नंतरच्या बायका

आनंदीबाई जोशींची गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ आहे. १८८३ साली बोटीने अमेरिकेला, १८८६ साली डॉक्टरची पदवी, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये इथे पुण्यात निधन. वय अवघं २१. प्रॅक्टिस करायला मिळालीच नाही. वाचताना दर वेळी पोटात तुटतं.

पण माझ्या इंजिनियरी डोक्यात एक किडा वळवळतोच. पायलट प्रोजेक्ट झाला, रोलआउटचं काय? सदाशिव पेठेतल्या वाड्यात, केशवपन करून माजघरात बसवलेली वीस वर्षांची विधवा काय फिलाडेल्फियाला जाणार होती?

तिच्यासाठीचा रस्ता लक्ष्मी रोडवरच्या ज्या संस्थेने काढला, तिच्या बाजूने आपण दर दिवाळीत खरेदीच्या पिशव्या घेऊन जातो. सेवासदन! मुंबईत १९०८ साली मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी सेवासदन सुरू केलं होतं. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी काम उभं केलं, आणि जोडीला होते भारत सेवक समाजाचे गो. कृ. देवधर.

रमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. लिहायला-वाचायला त्या शिकल्या लग्नानंतर, न्यायमूर्तींकडून, घरातल्या बायकांचे टोमणे खात. त्यामुळे मोठ्या वयात पाटी हातात घेणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मला खरी ग्रेट वाटते ती त्यांची रचना. नुसतं 'या आणि नर्स व्हा' असं म्हणून भागणार नव्हतं. आधी मोठ्या बायकांसाठी लिहिण्या-वाचण्याचे वर्ग. मग राहायला वसतिगृह, कारण सासर-माहेर दोन्हीकडून दार बंद व्हायची भीती. आणि मग शिक्षण ससून हॉस्पिटलमध्ये. काहीजणी बी. जे. मेडिकल स्कूलमध्ये सब-असिस्टंट सर्जनच्या अभ्यासालाही गेल्या. हे स्कूल १८७८ चं, आजचं बी. जे. मेडिकल कॉलेज. एमबीबीएसपेक्षा छोटा अभ्यासक्रम, पण शेवटी हातात नोकरी.

विरोध होणारच होता. सोवळ्या-ओवळ्याच्या घरातली बाई परक्या पुरुषाची जखम धुणार, कुठल्याही जातीच्या रोग्याला पाणी पाजणार, रात्रपाळी करणार! डॉक्टरीणबाईचं निदान कौतुक तरी व्हायचं. नर्स म्हणजे लोकांच्या लेखी हलकं काम.

आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका. २०२० च्या मार्चमध्ये आपण बाल्कनीत उभं राहून नर्सबाईंसाठी थाळ्या वाजवल्या. पण माझ्या मावसबहिणीने बारावीनंतर 'मला नर्सिंगच करायचंय' म्हणून सांगितलं, तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला, "का गं, मेडिकलला नंबर नाही लागला?"

आनंदीबाईंचे पुतळे व्हावेत, सिनेमे निघावेत, जरूर. पण ससूनच्या वॉर्डात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या त्या बायकांपैकी एकीचं तरी नाव तुम्हा-आम्हाला पटकन आठवतं का? मला तरी नाही आठवत. आणि पुण्यातल्या कितीतरी आजारी माणसांच्या उशाशी रात्रभर बसल्या होत्या त्या ह्याच.