आजीचे फडके आणि आजोबांचा नारू

दिवाळीच्या आदल्या दिवशी आमच्या आजोळी दोन तऱ्हेचे पाणी भरले जाई. एक अभ्यंगस्नानाच्या बंबासाठी. ते बारवेवरून आले की सरळ बंबात ओतायचे. दुसरे पिण्याच्या घागरींसाठी. ते मात्र दुहेरी फडक्यातून गाळल्यावाचून आजी घागरीत पडू देत नसे. "पाणी तर एकाच बारवेचे, मग हा भेद कशाला?" असे मी विचारी. "माझ्या सासूबाई गाळत, म्हणून मी गाळते. तू फडकं नीट धर," एवढेच उत्तर मिळे. याहून अधिक खुलासा तिच्यापाशी नव्हता.

आजोळ नांदेड जिल्ह्यातले, कंधारच्या बाजूचे. बारव जुनी, चिरेबंदी, थेट पाण्यापर्यंत पायऱ्या. वाटसरूने उतरावे, पाय धुवावेत, ओंजळीने पाणी प्यावे आणि निवांत वर यावे. बांधणाऱ्याच्या कसबाला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्याच पायऱ्यांवरून नारू गावात शिरत होता.

आजच्या मुलांना नारू ठाऊक नाही, हे त्यांचे भाग्यच. दोऱ्यासारखा बारीक, हातभर किंवा त्याहूनही लांब असा हा जंत पाण्यावाटे पोटात जाई आणि सुमारे वर्षभराने बहुधा पायातून बाहेर पडू लागे. काडीवर गुंडाळून तो रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून पिकायचा. आजोबांच्या घोट्यावर त्याचा वण होता. निजामी अमदानीत, ऐन पेरणीच्या तोंडावर, त्यांनी दीड महिना बाजेवर काढला होता. त्या वर्षी अर्धे रान पडीक राहिले, असे आजी सांगे. घरचे पाणी गाळलेले असले, तरी शेतावरून येता-जाता आजोबा बारवेत उतरून ओंजळीनेच पाणी पीत.

नारूचा माग १८७० साली फेडचेन्को या रशियन शास्त्रज्ञाने लावला. नारूचा फोड फुटताना पायाची आग आग होते. रोगी पाय थंड पाण्यात बुडवतो आणि तेवढ्यात नारू आपली असंख्य पिल्ले पाण्यात सोडतो. ती पिल्ले पाण्यातले पिसवेएवढे किडे गिळतात, आणि ते किडे पाण्याबरोबर दुसऱ्या कोणाच्या पोटात जातात. हे किडे एवढे मोठे असतात, की साध्या घट्ट विणीच्या फडक्यातही अडकतात. आजीला यातले अक्षरही ठाऊक नव्हते. पण तिचे फडके आपले काम चोख बजावत होते.

१९८३-८४ च्या सुमारास सरकारने नारू निर्मूलनाची मोहीम हाती घेतली. तेव्हा देशात सुमारे ४० हजार रोगी आढळले. नारूग्रस्त राज्यांत महाराष्ट्रही होता. आमच्या गावी एक आरोग्यसेवक चित्रांचे तक्ते घेऊन आला. बारवेत औषध टाकायला पहिला विरोध केला तो आजोबांनीच. "झऱ्याचं पाणी निर्मळ असतं. त्यात औषध कशाला?" त्याने वाद घातला नाही. पाण्यात बुडवलेल्या पायाचे चित्र तेवढे पुढे धरले. आजोबा बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "त्या उन्हाळ्यात आग सोसवेना, म्हणून मी रोज बारवेत पाय सोडून बसत होतो." त्यांच्यानंतरच्या वर्षी गावात कोणाकोणाला नारू झाला होता, ती नावे त्यांना पाठ होती. त्यांत त्यांचा धाकटा भाऊही होता.

त्या दिवसापासून म्हातारा काठी घेऊन बारवेच्या वरच्या पायरीवर बसू लागला. पायाला चिंधी बांधलेल्या माणसाला खाली उतरू देत नसे. स्वतः पोहऱ्याने पाणी काढून देई. अशा शेकडो गावांतल्या पहाऱ्याला यश आले. भारतातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला. या रोगावर ना लस होती, ना गोळी. पाणी गाळून, विहिरीत औषध टाकून, पायऱ्या बंद करून आणि हातपंप बसवून तो हटवला गेला.

परंतु फडक्याची सत्ता इथवरच. पटकीचे जंतू फडक्यातून आरपार जातात. रॉबर्ट कॉख यांना १८८४ साली कलकत्त्याच्या तळ्यात ते सापडले होते. पुढे बांगलादेशातल्या खेड्यांत जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळून पाहिले, तेव्हा पटकी निम्म्याच्या आसपास घटल्याचे २००३ साली प्रसिद्ध झाले. कारण पुष्कळ जंतू त्या बारीक किड्यांना चिकटूनच राहतात. निम्मी घटली, पण निम्मी उरलीच! तिच्यासाठी पाणी उकळायला हवे, नाहीतर क्लोरीन घालून अर्धा तास थांबायला हवे.

मी पुढे लातूरला स्थायिक झालो. २०१६ साली मांजरा धरण आटले आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी इथे आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या वाघिणी आधी कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन काढल्या होत्या. आलेले पाणीही शुद्ध करूनच शहराला द्यायचे होते. घशाला कोरड पडलेल्या गावाने ही घाई-सबुरी सांभाळली, याचे मला तेव्हा मोठे अप्रूप वाटले.

यंदाही दिवाळीच्या आदल्या दिवशी मी घागरीवर फडके धरले. पाणी गाळले, मग उकळायला ठेवले. "आजोबा, नळाचं पाणी तर आधीच शुद्ध असतं ना?" नातीने विचारले. तिला मी जवळ बसवले आणि बारवेची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली.