प्रतिनिधीच्या हातून लागलेलें लग्न

श्रोतेहो, वर दूर राहिला आणि त्याच्या जागीं त्याचें खड्ग बोहल्यावर आलें, असे विवाह आपल्याकडील कांहीं राजघराण्यांत लागत, हें आपण वडील मंडळींकडून ऐकलें असेल. नवरदेव हजर नसतां लागलेलें लग्न खरें कीं खोटें, हा प्रश्न युरोपांतहि एकदां उभा राहिला, आणि त्याच्या निकालावर एका सबंध राज्याचें भवितव्य अवलंबून होतें. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

फ्रान्सच्या पश्चिमेस ब्रिटनी नांवाचें एका ड्यूकचें राज्य होतें. तो ड्यूक १४८८ सालीं वारला आणि त्याची अकरा वर्षांची कन्या ॲन गादीवर आली. फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स हें राज्य गिळण्यास टपलेलाच होता. तेव्हां जर्मनीचा राजा मॅक्सिमिलियन याच्याशीं तिचा विवाह ठरला. पण तो हंगेरीच्या लढाईंत गुंतलेला. म्हणून १४९० च्या डिसेंबरांत रेन शहरीं त्याचा एक सरदार त्याच्या वतीनें वर म्हणून उभा राहिला. इतकेंच नव्हे, तर वधूच्या अंथरुणांत या सरदारानें गुडघ्यापर्यंत उघडा केलेला आपला पाय सर्वांसमक्ष ठेवला, आणि विवाह पूर्ण झाला असें मानण्यांत आलें! वर्गांत ही गोष्ट सांगितली म्हणजे मुलें हंसत. पण त्या पायामागें कायद्याची चिंता होती.

ख्रिस्ती धर्मशास्त्राप्रमाणें विवाहाचें मूळ उभयतांच्या संमतींत. ती प्रतिनिधीमार्फत देतां येत असे. मात्र पोप आठवा बोनिफेस याच्या १२९८ सालच्या संग्रहांत त्यास कडक अटी आहेत. प्रतिनिधीस त्याच कामाचा खास अधिकार हवा, तें काम त्यानें स्वतःच करावें, आणि लग्नापूर्वीं वराचें मन फिरलें असेल, तर प्रतिनिधीस त्याची वार्ता नसली तरी लग्न व्यर्थ. शिवाय सहवास झाला नाहीं तोंवर विवाह मोडण्यास वाट राहत असे. ती वाट बुजविण्यासाठींच तो पाय!

ती बुजली नाहीं. मॅक्सिमिलियन आलाच नाहीं. आलें तें फ्रेंच सैन्य. रेनला वेढा पडला, आणि ६ डिसेंबर १४९१ रोजीं लाँझे येथें ॲनचें लग्न चार्ल्सशीं लागलें. पहिलें लग्न आमच्या राजाच्या संमतीवांचून झालें आणि सहवासहि घडला नाहीं, असें फ्रेंचांचें म्हणणें. पोप आठवा इनोसंट यानें १४९२ च्या फेब्रुवारींत नवा विवाह मान्य केला. माझ्या मतें हा निकाल शास्त्रानें दिला नसून वेढ्यानें दिला. मॅक्सिमिलियनची स्वतःची कन्या मार्गारेट तिसऱ्या वर्षींच चार्ल्सची नियोजित राणी म्हणून फ्रान्सांत आणली होती. त्या निरपराध मुलीस १४९३ सालीं माहेरीं परत धाडण्यांत आलें.

आपल्या देशांत हा प्रश्न पुन्हां निघाला तो व्हिडिओच्या पडद्यामुळें. वधू येथें आणि वर अमेरिकेंत, अशा एका जोडप्यास मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानें २८ जुलै २०२२ रोजीं १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालीं पडद्यावरून विवाह करण्याची मुभा दिली. तीन साक्षीदार नोंदणी अधिकाऱ्यापुढें हजर राहावयाचे. आणि वराच्या मुखत्यारपत्रावरून त्याची सही करावयाची कोणीं, तर स्वतः वधूनें!