बार्शीची प्रार्थना आणि हैदराबादचा रस्ता

बार्शी आणि हैदराबाद ही नावे एकत्र आली की आपल्याकडे १९४८ आठवते. बार्शी तालुका इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात आणि भोवताली बहुतेक निजामाचा मुलूख. निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचे कॅम्प या भागात होते. रझाकारांचे अत्याचार आणि पोलीस अॅक्शननंतर निरपराध मुसलमानांनी सोसलेले हाल, दोन्ही या मातीने पाहिले. त्या आठवणी मी पुसत नाही, पण या रस्त्याचा इतिहास तिथेच संपला असे मला वाटत नाही.

१९९४ साली बार्शीत जन्मलेली प्रार्थना ठोंबरे टेनिस शिकण्यासाठी हैदराबादला गेली, सानिया मिर्झाच्या अकादमीत. बार्शीची ओळख भगवंताचे देऊळ, डाळींची बाजारपेठ आणि १८९७ ची लाइट रेल्वे. टेनिस हा त्या गावचा खेळ नव्हे.

२०१४ च्या जुलैमध्ये तेलंगणातल्या एका आमदाराने सानियाला ‘पाकिस्तानची सून’ म्हणून हिणवले. दोन-अडीच महिन्यांनी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत तीच सानिया तिरंगा लावून महिला दुहेरी खेळली आणि जोडीला वीस वर्षांची प्रार्थना. ही मुलगी कॉलेजच्या वयाची, तिची जोडीदारीण ग्रँड स्लॅम विजेती. चिनी तैपेईच्या जोडीने त्यांना उपांत्य फेरीत हरवले. आशियाई स्पर्धेच्या टेनिसमध्ये उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्य मिळते. म्हणजे बार्शीत पदक आले ते पराभवाचे बोट धरून.

पुढे रिओ ऑलिम्पिक, ऑगस्ट २०१६. सानिया तेव्हा दुहेरीत जगात पहिली, प्रार्थना क्रमवारीत खूप खाली. जोडी जाहीर झाल्यावर ‘हिला का घेतले’ असे विचारणारे होतेच. समोर चीनच्या झँग श्वाई आणि पेंग श्वाई. पेंगकडे विम्बल्डन आणि फ्रेंच ओपनची दुहेरीची विजेतेपदे. सामना पावणेतीन तासांच्या आसपास चालला: ६-७, ७-५, ५-७. पहिल्याच फेरीत बाहेर, पण असा निकाल कमकुवत जोडीदाराच्या खांद्यावर लागत नाही. बातमीत मात्र ‘सानिया हरली’ एवढेच उरले.

यानंतरचा काळ मला जास्त मोलाचा वाटतो. ऑलिम्पिक खेळून आलेली खेळाडू पुन्हा छोट्या आयटीएफ स्पर्धांकडे वळली. तिथे प्रेक्षक मोजके, बक्षिसाची रक्कम दोघींत वाटायची, त्यातून विमानाचे तिकीट आणि हॉटेल भागवायचे. पहिल्या फेरीत हरले की आठवडा तोट्यात. आपल्या घरांतल्या मुली दहावी-बारावीला खेळ सोडतात त्यामागे हाच हिशेब असतो, मग घर बार्शीतल्या ठोंबऱ्यांचे असो की शेखांचे.

एप्रिल २०२५ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत बिली जीन किंग कप झाला. भारताच्या संघात प्रार्थना होती, वय तीस. सानिया २०२३ मध्येच निवृत्त झालेली. त्या स्पर्धेतून भारत प्लेऑफमध्ये पोहोचला.