आधी माप, मग धाडस

सायकल शिकायची तर पडायची तयारी हवी, हे नवशिक्याला पहिल्याच दिवशी ऐकवलं जातं. सायकलचा इतिहास पाहिला तर हा सल्ला पटत नाही. १८१७ साली मानहाइममध्ये कार्ल ड्राइस यांनी चालवलेल्या लाकडी दुचाकीला पायडलच नव्हतं. स्वार पायांनी जमीन रेटत पुढे जाई, तोल जाऊ लागला की पाय टेकवी. पुढे १८७०च्या दशकात उंच चाकाची सायकल आली. तिचं पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेलं, म्हणून वेग हवा तर चाक मोठं हवं. आणि ते किती मोठं, हे स्वाराच्या पायांच्या लांबीवर ठरे. ते चाक दगडाला अडलं की स्वार हँडलवरून थेट डोक्यावर आपटे. सायकल हा धडधाकट तरुणांचा खेळ ठरला तो यामुळे.

१८८५ साली कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ बाजारात आणली. साखळीमुळे मागचं चाक फिरू लागलं, चाकं लहान झाली, स्वार जमिनीजवळ आला. सीट, पायडल आणि हँडल यांचं एकमेकांतलं अंतर स्वाराला सोयीचं असावं, हा त्यांचा हेतूच होता. १८८८ साली डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं आणि हादरे कमी झाले. मग अमेरिकेतल्या समाजसुधारक फ्रान्सिस विलर्ड यांनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकून १८९५ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. जिद्द त्यांची होतीच. पण उंच चाकावर नुसती जिद्द पुरली नसती.

यावर कुणी म्हणेल, आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मुलं ताशी भाड्याने आणलेल्या मोठ्या काळ्या सायकलवर, दांड्याखालून पाय घालून, म्हणजे ‘हाफ पायडल’ मारत, शिकली. तेव्हा माप कुणी पाहिलं? पण हाफ पायडल म्हणजे तरी काय? सीट उंच, म्हणून मुलांनी ती सोडून दिली आणि अंग जमिनीजवळ ठेवलं. माप यंत्रात नव्हतं, ते त्यांनी अंगाने साधलं. ज्यांना ते साधलं नाही, त्यांची गणती कुणी केली नाही.

म्हणून नवशिक्याने आधी सीटचा नट सैल करावा आणि दोन्ही तळवे जमिनीवर पुरते टेकतील इतकी सीट खाली घ्यावी. टायरमध्ये पुरेशी हवा आहे ना, ब्रेकचे रबर रिमवर नीट बसतात ना, हे पाहावं. पहिले काही दिवस पायडल न मारता पायांनी रेटत जावं, नजर चाकावर न ठेवता समोर ठेवावी, तोल जाईल त्याच बाजूला हँडल किंचित वळवावं. थांबताना एकटा पुढचा ब्रेक करकचून दाबू नये, दोन्ही बेताने दाबावेत. तोल जमला की सीट वर घ्यावी: टाच खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा, म्हणजे चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. शिकवणाऱ्यांनीही पोराला ‘घाबरू नकोस’ म्हणण्याआधी हातात पाना घ्यावा.