कोशेर स्वयंपाकघर : नोकरदार बेने इस्राएल कुटुंबाची रोजची चूल

'कोशेर' हा शब्द 'काशेर' या हिब्रू शब्दावरून आला असून त्याचा अर्थ 'योग्य' असा आहे. ज्यू धर्मशास्त्रानुसार खाण्यास योग्य असलेले अन्न म्हणजे कोशेर अन्न. ज्यू धर्मगुरूने, म्हणजे रब्बींनी, आशीर्वाद दिला की अन्न कोशेर होते, असा समज आपल्याकडे आढळतो; तो बरोबर नाही. अन्न कोणते, ते कोठून आले आणि ते कसे शिजवले, यावर त्याची योग्यता ठरते. म्हणूनच हा धर्मनियम सिनेगॉगपेक्षा अधिक स्वयंपाकघरात पाळला जातो.

हा विषय आपल्याला दूरचा नाही. मराठी ही मायबोली असलेले बेने इस्राएल हे आपले जुने शेजारी होत. त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगाव येथे फुटले, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत. म्हणून त्यांना 'शनिवार तेली' हे नाव पडले. मुंबईतील त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ साली उभे राहिले. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. तथापि मुंबई, ठाणे, पुणे व रायगड येथे काही कुटुंबे आजही राहतात. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. पती-पत्नी दोघेही नोकरी करतात, मुले शाळेत जातात, अशा घरात मोशेचे हे प्राचीन नियम रोज कसे पाळले जातात, ते या लेखात पाहू.

मूळ नियम

नियमांचा आधार जुन्या करारात, प्रामुख्याने लेवीय ११ व अनुवाद १४ या अध्यायांत आहे. ज्या पशूचे खूर दुभंगलेले आहेत आणि जो रवंथ करतो, तोच चालतो. त्यामुळे बकरा व मेंढा योग्य. डुक्कर, ससा व उंट अयोग्य. पक्ष्यांमध्ये कोंबडी आणि बदक चालतात. पाण्यातील प्राण्यांपैकी ज्यांना पर आणि खवले दोन्ही आहेत, तेच खाता येतात. कोळंबी, खेकडे, शेवंड, कालवे, तिसऱ्या व माकूल वर्ज्य आहेत. तसेच मुशी, पाकट, वाम आणि शिंगाळा हेही वर्ज्य आहेत. बेने इस्राएल घरांत पापलेट, सुरमई व रावस आवडीने खाल्ले जातात. खवले डोळ्यांना दिसावेत म्हणून मासा अख्खा किंवा कातडीसह घेण्याची पद्धत आहे.

रक्त खाण्यास सक्त मनाई आहे (लेवीय १७:१०-१४), कारण रक्तात जीव असतो आणि जीवावर केवळ परमेश्वराचा अधिकार आहे. जनावर 'शोहेत' या प्रशिक्षित व्यक्तीने धारदार सुरीने कापावे लागते. नंतर मांस अर्धा तास पाण्यात भिजवून, तासभर जाडे मीठ लावून ठेवतात व तीनदा धुतात. काळीज मात्र विस्तवावर भाजूनच घ्यावे लागते. अंड्यात रक्ताचा ठिपका दिसल्यास ते टाकून देतात. म्हणून प्रत्येक अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडतात. भाजीतील कीटकही वर्ज्य असल्याने फुलकोबी, पालक, कोथिंबीर बारकाईने तपासतात व तांदूळ निवडून घेतात.

दूध आणि मांस

करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा बायबलमध्ये तीन वेळा आली आहे (निर्गम २३:१९, ३४:२६, अनुवाद १४:२१). तिच्या आधारे रब्बींनी दूध आणि मांस संपूर्ण वेगळे ठेवण्याचा नियम घालून दिला. घरात दोन्हींसाठी पातेली, ताटे, चमचे व घासण्या वेगवेगळ्या असतात. मांस खाल्ल्यावर दुधाचा पदार्थ घेण्यापूर्वी अनेक समाजांत सहा तास थांबतात. जर्मनीतील ज्यूंच्या परंपरेत तीन तास, तर हॉलंडमधील परंपरेत एक तास थांबतात. लहान मुलांना सवलत असते.

तिसरा गट 'पारवे' म्हणजे तटस्थ पदार्थांचा. धान्य, डाळी, भाज्या, फळे, तेल, अंडी आणि मासे यांत येतात. हे पदार्थ दुधाबरोबर किंवा मांसाबरोबर वाढता येतात. फक्त मासा आणि मांस एकत्र शिजवीत नाहीत.

येथे कोकणची भूमी या कुटुंबांच्या मदतीला आली. मटणाच्या रश्शात दही किंवा साय घालता येत नाही. पण नारळाचे दूध चालते, कारण ते पारवे आहे. आंबटपणासाठी कोकम, चिंच किंवा लिंबू असते. जेवणानंतर ताक चालत नाही. पण सोलकढी चालते. ज्यू नववर्षाला होणारा 'चिकाचा हलवा' गव्हाचा चीक व नारळाचे दूध यांपासून करतात, म्हणून तो मांसाच्या जेवणानंतरही खाता येतो. कठीण असतो तो फक्त चहा. दुपारी मटण झाले, तर संध्याकाळी कोऱ्या चहावर समाधान मानावे लागते.

आठवड्याची आखणी

ज्या घरात वेळ कमी आहे, तेथे या नियमांचे ओझे होऊ नये म्हणून बहुतेक स्वयंपाक पारवे ठेवणे हा सोपा मार्ग आहे. डाळ, उसळ आणि भाजी तेलात करायची, पोळीला तूप लावायचे नाही. मग तोच डबा मुलांना शाळेत दह्याबरोबर नेता येतो आणि तीच भाजी रात्री कोंबडीच्या रश्शाबरोबर वाढता येते. मात्र प्रत्येक वेळी वाढण्याची भांडी त्या त्या गटाची असावी लागतात. कांदा-खोबऱ्याचे वाटण पारवे भांड्यात एकदम करून ठेवले की दोन-तीन दिवसांची सोय होते.

सकाळची न्याहारी दुधाची, आठवड्यातील एक-दोन रात्री मांसाच्या, बाकी दिवस मासे, अंडी व भाज्या, असे वेळापत्रक ठरले की रोज विचार करावा लागत नाही. भांड्यांना रंगांच्या खुणा करतात. मांसासाठी लाल आणि दुधासाठी निळा हे रंग अनेक घरांत दिसतात. लहान मूलही त्यावरून चमचा ओळखते. बाजारच्या वस्तू घेताना वेष्टन वाचावे लागते. जिलेटिन, चरबी, चीजमधील विरजण यांचा उगम पाहावा लागतो. भारतातील हिरवा ठिपका वस्तू शाकाहारी असल्याचे सांगतो. पण तो कोशेर प्रमाणपत्राची जागा घेत नाही.

शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ असतो. त्या काळात विस्तव पेटवीत नाहीत व स्वयंपाक करीत नाहीत (निर्गम ३५:३). म्हणून गुरुवारी खरेदी, शुक्रवारी दुपारपर्यंत स्वयंपाक, आणि शब्बाथपूर्वीच मंद आचेवर झाकून ठेवलेले जेवण, असा क्रम असतो. सायंकाळी घरची स्त्री मेणबत्त्या लावते. प्याला भरून आशीर्वाद म्हटला जातो; कोशेर द्राक्षारस नसे तेव्हा बेने इस्राएल घरांत मनुकांचे सरबत करीत, आणि ती प्रथा टिकून आहे. आठवडाभर धावणारे कुटुंब त्या रात्री सावकाश जेवते.

चूक झाली तर

घाईत दुधाचा थेंब मांसाच्या पातेल्यात पडला, तर सगळे फेकून द्यावे लागते असे नाही. चुकून पडलेला भाग एकूण अन्नाच्या साठाव्या भागाहून कमी असेल, तर सामान्यतः अन्न चालते; शंका असल्यास रब्बींना विचारतात. धातूचे भांडे उकळत्या पाण्याने पुन्हा योग्य करता येते. मातीचे भांडे करता येत नाही. प्राण वाचवण्यासाठी मात्र आहाराचे नियम बाजूला ठेवता येतात. जीवन जपणे हाच नियमाचा हेतू आहे, हे त्यांच्या शास्त्राला ठाऊक आहे.

आपण आणि हा नियम

ख्रिस्ती भाविकांवर हे नियम बंधनकारक नाहीत. माणसाला विटाळ बाहेरून नव्हे, तर अंतःकरणातून होतो, अशी शिकवण प्रभूने दिली (मार्क ७). यापो येथे पेत्राला दर्शन झाले (प्रेषितांची कृत्ये १०), आणि यरुशलेमच्या सभेने परराष्ट्रीयांवर नियमशास्त्राचे जू लादले नाही (कृत्ये १५). परंतु मिळालेल्या स्वातंत्र्यामुळे आपण या नियमांकडे उपहासाने पाहू लागलो, तर आपलाच वारसा विसरू. नाझरेथच्या घरात मरियामाता हाच नियम पाळून स्वयंपाक करीत होती. त्या दर्शनाच्या वेळी, आपण अशुद्ध असे कधीच खाल्ले नाही, हे पेत्र देवालाच सांगतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्राद्वारे ज्यू लोकांशी असलेल्या आपल्या आध्यात्मिक नात्याची आठवण करून दिली. १९८६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोमच्या सिनेगॉगला भेट दिली.

हे नाते आपल्या जेवणाच्या मेजावरही दिसावे. एखादे ज्यू कुटुंब आपल्या घरी आले, तर 'हे शाकाहारीच आहे' म्हणून आग्रह करू नये. आपली भांडी सोरपोतेल आणि कोळंबीसाठी वापरलेली असतात, ही त्यांची अडचण असते. पाळण्याची रीत घरोघर वेगळी असते, म्हणून आधी मोकळेपणाने विचारावे. शहाळे, अख्खी फळे, कोशेर चिन्ह असलेला बंद पुडा, इतकेही पुरते. आपल्या अन्नामुळे बंधूला अडखळण होऊ नये, अशी काळजी घेण्यास संत पौलाने शिकवले आहे (१ करिंथकर ८).

कोशेर घरात प्रत्येक घासाआधी एक प्रश्न उभा असतो : हे देवाच्या इच्छेनुसार आहे काय? आपल्याला भांडी वेगळी करावयाची नाहीत. पण भोजनापूर्वीची प्रार्थना अनेक घरांतून, घाईचे कारण सांगून, नाहीशी होत चालली आहे. दोन प्रकारची भांडी सांभाळून नोकरीवर वेळेत पोहोचणारे आपले हे शेजारी पाहिले, म्हणजे ते कारण किती तोकडे आहे ते कळते. आज रात्री ताटावर बसण्यापूर्वी सर्वांनी मिळून क्रुसाची खूण करावी. त्याला अर्धा मिनिटही लागत नाही.