बहात्तर तास आणि नळदुर्गचा सांडवा

ऑक्टोबर २०२०. बंगालच्या उपसागरात उगम पावलेला कमी दाबाचा पट्टा तेलंगण ओलांडून मराठवाड्याच्या दक्षिण टोकाला पोहोचला आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ऐन सोयाबीन काढणीच्या दिवसांत अतिवृष्टी झाली. कापून रचलेल्या गंजी भिजल्या, ओढ्याकाठची रानेच्या राने पाण्याखाली गेली.

प्रधानमंत्री पीक विमा योजनेचा नियम स्पष्ट होता. स्थानिक आपत्तीत नुकसान झाल्यास शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत त्याची सूचना द्यावी. त्यासाठी मोबाईल ॲप, टोल-फ्री क्रमांक, बँक आणि कृषी कार्यालय असे चार मार्ग ठेवलेले होते.

कागदावर चार, प्रत्यक्षात एकच. ॲपला आणि फोनला मोबाईल टॉवर लागतो, टॉवरला वीज लागते. बँकेपर्यंत जायचे तर रस्ता लागतो, आणि तिथे पोहोचल्यावर पुन्हा तेच संकेतस्थळ, तीच वीज. एका पावसाने चारही दारे एकाच वेळी लावून घेतली. पुढे या तीन दिवसांचा हिशेब थेट उच्च न्यायालयात झाला. पण तिथे जाण्याआधी थोडे मागे जावे लागते.

‘सर्व्हर डाऊन’ हे दोन शब्द आता मराठीच झाले आहेत. तलाठी सज्जा, सेतू केंद्र, बँकेची खिडकी, सर्वत्र ते ऐकू येतात आणि ऐकणारा मुकाट्याने घरी परततो. त्यांचा दोष असा की, नेमके काय बंद पडले आहे हे ते कधीच सांगत नाहीत. हातातला फोन, गावाचा टॉवर, तालुक्यापर्यंतची फायबर केबल, नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस यंत्रणा, संकेतस्थळाचा संगणक, त्यामागचा माहितीसाठा, आणि त्या माहितीसाठ्याला आधारची किंवा जमिनीच्या नोंदीची पडताळणी करून देणारी तिसरीच यंत्रणा: यांपैकी एक कडी निखळली तरी पडद्यावर तेच गोल चक्र फिरत राहते.

या जिल्ह्याने संपर्क तुटण्याची सर्वांत भीषण किंमत इंटरनेटच्या आधीच मोजली होती. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास लातूर-उस्मानाबाद सीमेवर ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. किल्लारीचे नाव जगभर गेले. पण सास्तूरसारखी उस्मानाबाद जिल्ह्यातील गावेही त्याच पहाटे जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे गेली. बाधित गावांशी दूरध्वनी संपर्क तुटला होता, आणि संदेशवहनाला हौशी रेडिओचालकांनी आपल्या स्वतंत्र वायरलेस संचांनिशी हातभार लावला. त्यानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात घरांबरोबर आपत्ती व्यवस्थापनाचाही विचार झाला. जिल्ह्याजिल्ह्यात नियंत्रण कक्ष आले, आणि तारेवर विसंबून न राहता उपग्रह व वायरलेस या दोन निराळ्या वाटांनी ते जोडण्याची योजना झाली.

‘निराळ्या’ हा शब्द इथे महत्त्वाचा. दोन वाटा एकाच कारणाने बंद पडत असतील तर त्या दोन नव्हेत. १९९३ ने शिकवलेली ही गोष्ट २०२० च्या चार मार्गांची आखणी करताना कुणाच्या ध्यानात राहिली नसावी.

दुसरे कारण गर्दीचे, आणि त्याचा इतिहास थेट कोपनहेगनपर्यंत जातो. तेथील टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ॲग्नर क्रारूप एर्लांग या गणितज्ञाने १९०९ साली दूरध्वनी संभाषणांवर संभाव्यताशास्त्र लावणारा निबंध प्रसिद्ध केला आणि १९१७ मध्ये त्याची प्रसिद्ध सूत्रे मांडली. प्रश्न साधा होता: किती ग्राहकांमागे किती वाहिन्या ठेवाव्यात? त्याच्या गणितातून पुढे दूरध्वनी जगतात जी शिस्त रुजली ती अशी की, दिवसभराची सरासरी पाहून चालत नाही; सर्वांत गजबजलेला तास पाहावा लागतो. आजही दूरसंचार अभियंते वाहतुकीचे एकक ‘एर्लांग’ याच नावाने मोजतात.

पीक विम्याच्या संकेतस्थळाला हा गजबजलेला तास शासनानेच नेमून दिलेला असतो. त्याचे नाव अंतिम मुदत. २०१७ च्या खरिपात ऑनलाईन नोंदणीचा आग्रह धरला गेला आणि जुलैअखेर मराठवाड्यात बँकांसमोर रात्री-अपरात्रीपर्यंत रांगा लागल्या. मुदत ऑगस्टमध्ये ढकलावी लागली. २०२३ मध्ये एक रुपयात विमा आला. आदल्या वर्षी राज्यात सुमारे ९६ लाख अर्ज होते, त्या वर्षी ते सुमारे १ कोटी ७० लाखांवर गेले. ३१ जुलैची मुदत पुन्हा ३ ऑगस्टपर्यंत वाढली. मुदतवाढ हे या रोगावरचे सर्वांत जुने औषध. पण त्याने गर्दी कमी होत नाही, फक्त तिची तारीख बदलते.

गर्दीचे हे गणित याच जिल्ह्यात चार शतकांपूर्वी दगडात सोडवलेले आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात, बोरी नदीवर, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात १६१३ साली बांधलेला बंधारा आहे. नळदुर्ग आणि रणमंडळ यांना जोडणारी ही सुमारे ९० फूट उंचीची भिंत, आणि तिच्या पोटात पाणीमहाल. बोरी ही बाराही महिने दुथडी वाहणारी नदी नव्हे. उन्हाळ्यातला तिचा प्रवाह पाहून कुणी भिंत घातली असती तर ती पहिल्याच मोठ्या पुरात गेली असती. बांधणाऱ्यांनी पूर गृहीत धरला आणि त्याला वाट दिली. नर आणि मादी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन सांडव्यांवरून जादा पाणी धबधब्यासारखे कोसळते, आणि महालात उभा असलेला माणूस कोरडा राहतो. पावसाळ्यात पर्यटक ज्या दृश्यासाठी तिथे गर्दी करतात, ते मुळात भिंत वाचवण्याची तजवीज आहे.

संकेतस्थळाचा सांडवा कसा असतो? पुराच्या घटकेला सगळी पडताळणी दारातच करण्याचा हट्ट सोडणे, हा त्याचा पहिला प्रकार. नुकसानीची सूचना घेताना गट क्रमांक, मोबाईल क्रमांक आणि वेळ एवढेच टिपून पोच द्यायची. आधार, सातबारा, बँक खाते यांची जुळवाजुळव मागच्या रांगेत सावकाश करायची. म्हणजे त्या यंत्रणा थकल्या तरी सूचना अडत नाही. दुसरा प्रकार साध्या एसएमएसचा, जो क्षीण जाळ्यातूनही जातो. तिसरा अर्थातच जादा संगणक. २००६ पासून ॲमेझॉनने तासाच्या भाड्याने संगणक देण्यास सुरुवात केल्यावर ते चार दिवसांपुरते घेणेही शक्य झाले. मात्र अडसर माहितीसाठ्यात असेल तर पुढे कितीही संगणक मांडा, सगळे एकाच विहिरीवर रांग लावतात.

म्हणून आधी निदान. इथे अभियंत्याचे काम इतिहासकाराच्या कामाहून फारसे वेगळे नाही: तारखा लावून पाहायच्या. रोज सकाळी अकराच्या सुमारास बंद पडत असेल तर गर्दी. रोज रात्री ठरलेल्या वेळी पडत असेल तर बॅकअपसारखे एखादे नेमून दिलेले काम. नवी आवृत्ती चढवल्यावर पडत असेल तर सदोष प्रणाली. हळूहळू मंदावून आठवड्याने कोसळत असेल आणि पुन्हा सुरू केल्यावर ठणठणीत होत असेल तर मेमरीची गळती. वर्षाकाठी त्याच दिवशी पडत असेल तर नूतनीकरण विसरलेले प्रमाणपत्र. पण यासाठी बखर लागते, म्हणजे मिनिटामिनिटाची नोंद. आणि ती बाहेरून ठेवलेली हवी. मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये बसून संकेतस्थळ उघडते आहे असे पाहणे आणि ते लोहाऱ्यातून उघडते आहे असे पाहणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

करारांत नेहमी दिसणाऱ्या ‘९९ टक्के’ या आकड्याकडेही जरा निरखून पाहावे. वर्षाचे ३६५ दिवस धरले तर एक टक्का म्हणजे ३.६५ दिवस, अर्थात ८७ तास ३६ मिनिटे. शेतकऱ्याची खिडकी ७२ तासांची. संकेतस्थळ पूर आल्या क्षणी बंद पडून चौथ्या दिवशी सुरू झाले आणि उरलेले वर्षभर निर्दोष चालले, तरी अहवालात ते ९९ टक्क्यांत उत्तीर्णच ठरते. ९९.९ टक्क्यांना हीच सूट ८ तास ४६ मिनिटांवर येते. आणि एकमेकांवर अवलंबून असलेल्या, प्रत्येकी ९९ टक्के चालणाऱ्या पाच यंत्रणा ओळीने जोडल्या की एकूण भरवसा ९५ टक्क्यांपर्यंत घसरतो. साखळीची ताकद अशी गुणाकाराने घटते, हे निविदेत लिहिलेले नसते.

२०२० च्या त्या पावसानंतर महसूल यंत्रणेने पंचनामे केले होते. मात्र विमा कंपनीने ७२ तासांच्या अटीवर बोट ठेवले: सूचना आली नाही, म्हणून भरपाई नाही. वीज नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती, सूचना द्यायची कशी, हा शेतकऱ्यांचा प्रश्न होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. ६ मे २०२२ रोजी खंडपीठाने ३,५७,२८७ शेतकऱ्यांना सहा आठवड्यांत भरपाई देण्याचा आदेश दिला. कंपनीने ती न दिल्यास राज्य शासनाने द्यावी, असेही बजावले. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा तिला २०० कोटी रुपये जमा करण्यास सांगण्यात आले.

तोवर त्या पावसानंतरचा दुसरा खरीप शेतात उभा होता.